रामटेके बाईंचा गिरदावर

कॉम्प्युटर बंद पडला की माणसं जे पहिलं वाक्य बोलतात, ते रामटेके बाईंना सहन व्हायचं नाही. "गेला वाटतं" असं कुणी म्हटलं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "डाक्टर आले होते का?" मग पदर खोचून पेटीपाशी बसायच्या. त्यांच्यासमोर हे वाक्य मी निदान दहा वेळा बोललो आहे आणि दहाही वेळा तोंडावर पडलो आहे. तरी अकराव्या वेळी बोललोच. सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्यानं माणसाला आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं, त्याला इलाज नाही.

आमची शाळा आदिलाबादजवळच्या जैनथ मंडळात, म्हणजे तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. वर्गात मराठी, ऑफिसात तेलुगू, आणि दुकानदाराशी हिंदी, असा आमचा दिवस जातो. शाळेला सरकारी योजनेतून कॉम्प्युटर मिळाले तेव्हा त्यांच्यासोबत विशाखा रामटेके नावाच्या शिकवणाऱ्या बाईही मिळाल्या. पुढं योजना आटली, कॉम्प्युटर एकेक करून माना टाकत गेले, पण बाई राहिल्या. अकरा मशिनींचे सुटे भाग जोडून त्यांनी चार चालत्या ठेवल्या होत्या. त्या चारातली सर्वात जुनी मशीन ऑफिसची. तिचा पांढरा रंग पिवळा पडला होता, आणि पंखा दमल्यामुळे बाजूचं झाकण कायम काढून ठेवलेलं असायचं. बाई तिला म्हातारी म्हणायच्या.

बाईंची आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. लेकीनं हैदराबादला जाऊन हार्डवेअरचा कोर्स केला, तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. तिथल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी टायपिंगचा वर्ग पलीकडे आहे असं सांगितलं होतं. बाईंनी हे मला एकदाच सांगितलं, तेही त्या मास्तरांचा राग म्हणून नाही, तर पलीकडे खरंच टायपिंगचा वर्ग होता म्हणून.

पेटी उघडण्याआधी त्यांचा एक ठरलेला विधी असे. चपला बाहेर काढायच्या आणि खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा. हात जोडण्याचा प्रकार त्यांच्यात मुळीच नव्हता. त्या बौद्ध, शाळेतल्या आरतीला शांतपणे बाजूला उभ्या राहायच्या, प्रसाद पुढं आला तर "राहू द्या" म्हणायच्या, आणि त्यात रुसवाफुगवा नसायचा. त्यामुळे या बाई खिडकीला का नमस्कार करतात याचं पोरांना मोठं कोडं होतं. मी विचारलं तेव्हा कळलं की अंगातली वीज गजात सोडून मगच पेटीत हात घालायचा असतो. पोरांना त्यांनी हे वर्गात नीट समजावलं, पण पोरं परीक्षेच्या दिवशी गजाला हात लावूनच आत जायला लागली ती लागलीच.

स्क्रू ठेवायला त्यांच्याकडे मसाल्याचा डबा होता. हळद-तिखटाच्या सात वाट्या, आणि प्रत्येक वाटीत वेगळ्या जागचे स्क्रू. रॅमच्या पट्टीचे दात घासायला पोरांकडून मागून घेतलेलं खोडरबर. एक लांबडी वही, तिच्यात प्रत्येक दुखण्याची नोंद: काय बदललं, काय झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्यांचा कायदा होता. दोन बदलल्या आणि मशीन चालू झाली, तर त्या खूश व्हायच्या नाहीत. एक परत पहिल्यासारखी करून बघायच्या. मी म्हणायचो, बाई, चाललं ना, मग कशाला. त्या म्हणायच्या, "काऊन चाललं ते नाही समजलं, तर उद्या काऊन बंद पडलं ते कसं समजन, सर?"

हार्ड डिस्क आणि तिचा कंट्रोलर यातला फरक मला त्यांनीच शिकवला. आमच्या महसुलात गिरदावर नावाचा माणूस असतो. शब्द निजामाच्या काळचा. पटवाऱ्याच्या वरचा आणि तहसीलदाराच्या खालचा. शेतावर जायचं, पाहायचं आणि तहसीलात येऊन सांगायचं, हे त्याचं काम. बाईंचं म्हणणं असं की डिस्क म्हणजे शेत, कॉम्प्युटर म्हणजे तहसीलदार, आणि दोघांच्या मधला कंट्रोलर हा गिरदावर. तो आला नाही, किंवा वाटेत अडकला, तर तहसीलदार बसल्या जागी लिहून मोकळा होतो की शेतच नाही. "म्हणून शेत वाहून गेलं का?" बाई विचारायच्या. "आधी वाट पाहा. मग गिरदावर पाहा. शेतावर सर्वात शेवटी जा." आमच्या भागात ज्यानं ज्यानं तहसीलाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्याला हे लगेच पटतं.

इचोड्याच्या हमरस्त्यावर एका जिनिंगचा वजनकाटा आहे. तिथला कॉम्प्युटर कापसाच्या दिवसांत दिवसातून पाचसहा वेळा 'डिस्क सापडत नाही' म्हणून बसायला लागला. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकांची रांग लागली. मालकानं दोन माणसं बोलावली, दोघांनी डिस्क बदलायला सांगितली, आणि एकानं बदललीसुद्धा. फरक पडला नाही. मग कुणीतरी बाईंचं नाव सांगितलं. रविवार होता, मी सोबत गेलो होतो, कारण बाईंना मोटारसायकलवर सोडणारं दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी पेटीला हातच लावला नाही. खुर्ची घेऊन दारात बसल्या, चहा घेतला, ट्रक मोजत राहिल्या. मालक आतून बाहेर आणि बाहेरून आत करत होता. तासाभरानं बाई उठल्या आणि म्हणाल्या की रिकामा ट्रक चढला तर काही होत नाही, भरलेला चढला की होतं. काट्याची खोली आणि ट्रकाचा रस्ता यांत एकच भिंत होती. भरला ट्रक चढताना टेबल थरथरायचं आणि आतली चपटी केबल सॉकेटातून केसभर सरकायची. बाईंनी केबल दाबून बसवली, टेबल भिंतीपासून हातभर ओढलं आणि पायाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. मालकानं विचारलं, मग डिस्क? त्या म्हणाल्या, जुनी परत लावा, तिचा काही गुन्हा नव्हता.

पण बाई मला खऱ्या कळल्या त्या पायलच्या बोनाफाईडच्या वेळी.

पायल ही आमची जुनी विद्यार्थिनी. वडील गजानन जैनथच्या स्टँडवर ऑटो चालवतात. बारावीनंतर आईच्या आजारपणात तिची दोन वर्षं घरातच गेली होती, आणि आता तिला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. अडचण एवढीच की तिचा जन्म आजोळी, नदीपलीकडे झालेला. ती इथलीच आहे हे सिद्ध करायला शाळेनं वर्षवार लिहून द्यायला हवं होतं. ऑनलाइन नोंदीत तिची शाळेतली दोन वर्षं गायब होती. दाखल-खारीजचं मूळ रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं. कपाटातून काढलं तर हातात नुसता भुसा आला. मात्र त्या रजिस्टरचं पान न् पान बाईंनी मोकळ्या तासांना बसून स्कॅन करून ठेवलं होतं, कुणी सांगितलेलं नसताना. एक प्रत म्हातारीच्या डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्हवरची हेडमास्तरांच्या पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओखाली गेली. राहिली म्हातारी.

आणि दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही शाळा उघडली, तर म्हातारीच्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ. हार्ड डिस्क कंट्रोलर फेल.

बाई अजून आल्या नव्हत्या. दरवर्षी दसऱ्याला त्या आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जात. यंदा परतताना आईला ताप आला आणि दोन दिवस लांबले. कागद शुक्रवारपर्यंत जमा करायचे होते आणि उगवला होता मंगळवार. पायल ऑफिसच्या दारात उभी होती. ती रडत नव्हती, फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. हेडमास्तर तेलुगूत फोन करत होते. मला राहवलं नाही. मी स्वतः डिस्क काढली, जेवणाच्या पिशवीत घातली आणि आदिलाबादला एका दुकानात नेली. तिथल्या माणसानं ती एका डबीला जोडली, लॅपटॉपला लावली, काहीच दिसलं नाही. तो म्हणाला की डिस्क गेली, हैदराबादला पाठवा, महिना लागेल. मी शाळेत येऊन तेच वाक्य पायलला सांगितलं. ते वाक्य ऐकताना तिचं तोंड कसं झालं, ते मला अजून आठवतं आणि अजून माझी मला लाज वाटते. गजानननं तिला ऑटोत बसवून घरी नेलं.

बुधवारी सकाळी बाई आल्या. आधी माझ्यावरच उखडल्या. आजारी माणसाचं काळीज काढून पिशवीत घालून बाजार हिंडवलं, असं म्हणाल्या. मग गजाला हात लावला, डिस्क जागेवर बसवली आणि वीज दिली. पडद्यावर तीच ओळ. बाईंचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पेटीला कान लावला आणि डोळे मिटले. मग मला बोलावलं. मीही कान लावला. आतून बारीक, एकसारखी घरघर येत होती.

"डिस्क तर जिती हाये," त्या म्हणाल्या. "मस्त फिरून राह्यली."

मग त्यांनी केबल बदलली. तेच. आधीची परत लावली. वहीत लिहिलं. शेवटी चांगली कधी होती, आणि त्यानंतर या खोलीत काय झालं, हे मला विचारलं. मी म्हटलं काही नाही. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी नेहमीसारखी पूजा झाली, बस. खंडेनवमीला शाळा बंद असते म्हणून आमच्याकडे पूजा आधीच उरकतात. त्या दिवशी बाई दरवर्षी सकाळी लवकर येऊन सगळ्या मशिनींवर चादरी घालायच्या. यंदा आईला घेऊन सकाळचीच गाडी पकडायची म्हणून त्या दिवशी त्या रजेवर होत्या.

बाईंनी टॉर्च घेतला आणि पेटीच्या आत, केबल जिथं बसते त्या सॉकेटात पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मी त्यांच्या खांद्यावरून वाकलो. दोन सॉकेटं शेजारी शेजारी, आणि दोन्हींच्या बारीक पिनांमध्ये लाल चिखल वाळून बसला होता. काही पिना हिरव्या पडलेल्या. कुंकू आणि नारळाचं पाणी.

पूजा महादूकाका करायचे. महादूकाका आमचे अटेंडर. शिपायाला इकडं अटेंडर म्हणतात. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. घंटेपासून ग्लोबपर्यंत शाळेतल्या एकूण एक वस्तूला ते कुंकू लावायचे आणि ऑफिसच्या मशीनवर नारळ फोडायचे, कारण त्यांच्या मते शाळेची लक्ष्मी तिच्यातच होती. त्या नारळाचं खोबरं मीही खाल्लं होतं, पुढं होऊन मागून घेतलं होतं.

आम्ही दोघं तसेच वाकलेले असताना महादूकाका चहा घेऊन आत आले. त्यांनी हळूच विचारलं, "काय निंगालं, बाई?"

बाईंनी टॉर्च विझवला. "धूळ हाये, काका," त्या म्हणाल्या. "लय दिवसाची. साफ करतो मी."

काका गेले. मी तोंड उघडायच्या आत बाईंनी मला गप्प केलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "झाकण मी उघडं ठेवलं होतं, सर. उघड्या घरात पानी शिरलं तर पान्याचा काय दोष? त्या मानसाचं एक वर्स राह्यलं. त्याईनं पोरीचं नुकसान केलं असं त्याईले वाटलं, तर ते वर्स कसं जाईन?"

जुना ब्रश आणि प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट घेऊन त्या दोन तास पिना घासत होत्या. मग पंख्याखाली वाळवलं. वीज दिली. तीच ओळ. दोन पिना पार खाल्ल्या गेल्या होत्या. गिरदावर आता कायमचाच रजेवर गेला होता. बाकीच्या तीन मशिनी नव्या, त्यांत ही जुनी चपटी केबल बसायचीच नाही.

दुपार झाली. दुकानदारानं नेमकं काय केलं हे बाईंनी मला पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगत असताना त्यांनी डिस्क हातात घेतली, उलटी केली, आणि एकदम थांबल्या. डिस्कच्या मागं, नखाएवढं एक प्लास्टिकचं टोपण असतं, जम्पर. एका मशीनमध्ये दोन डिस्क असल्या तर पहिली कोण आणि दुसरी कोण ते त्यानं ठरतं. पूर्वी म्हातारीत दोन होत्या आणि ही दुसरी होती. पहिली कधीच काढून टाकली, पण हिचं टोपण बाईंनी दुसऱ्या जागेवरच राहू दिलं होतं. म्हातारी समजूतदार, तिनं चालवून घेतलं. दुकानातली डबी मात्र पहिल्या नंबराशिवाय कुणाशी बोलत नाही.

"सर, हे मी केलं," बाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "बरं झालं तुमी डिस्क तिथं ठेवून नाही आले."

त्यांनी चिमट्यानं टोपण सरकवलं आणि आम्ही मोटारसायकल काढली. दुकान बंद व्हायच्या आत पोचलो. त्याच माणसानं, त्याच डबीला, तीच डिस्क लावली. श्वास घ्यावा तेवढ्या वेळात पडद्यावर फोल्डर उघडलं. बाईंनी एकेक पान सरकवत पायलचं नाव काढलं आणि बोटानं दाखवलं. दुकानदार म्हणाला, मॅडम, काय केलं? बाई म्हणाल्या की चूक केली होती, ती काढली.

गुरुवारी बोनाफाईडवर सही झाली आणि शुक्रवारी कागद जमा झाले. पायल सध्या आदिलाबादला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

स्टाफच्या बैठकीत बाईंनी उभं राहून सांगितलं की जम्पर आपण चुकीचा ठेवला होता, त्यामुळे पोरीचा जीव टांगणीला लागला. हेडमास्तरांनी, कॉम्प्युटरवाल्यांनीच असं केलं तर कसं, असा एक शेरा मारून घेतला. लग्नाच्या व्हिडिओबद्दल ते काही बोलले नाहीत. मी रागानं उठणार होतो, बाईंनी नजरेनं खाली बसवलं. नंतर मी मुद्दाम त्यांची वही उघडून पाहिली. ज्या वहीत त्यांनी स्वतःला कधी सूट दिली नव्हती, तिच्यात त्या तारखेला दोन ओळी होत्या: जम्पर, माझी चूक. सॉकेट, धूळ. सव्वीस वर्षांत मी पोरांना प्रामाणिकपणावर किती निबंध लिहायला लावले असतील त्याची गणती नाही. त्यातला एकही त्या खोट्या ओळीच्या जवळपास जात नाही.

म्हातारीची रिकामी पेटी महादूकाकांनी उचलून, तळाशी पडलेली भुकटी झटकून, अडगळीच्या खोलीत नेली, आणि तो विषय तिथं संपला असं मी समजत होतो.

पुढच्या दसऱ्याच्या आधी बाईंना भीमपूरच्या शाळेत जायचा हुकूम आला. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी त्यांचा आमच्याकडचा शेवटचा दिवस होता. सवयीनं त्या सकाळी लवकर चादरी घेऊन आल्या, तर सगळ्या मशिनी आधीच झाकलेल्या. महादूकाका दारात उभे होते. कुंकवाचं बोट त्यांनी फक्त चौकटीला लावलं, आणि नारळ बाहेर, लिंबाखालच्या दगडावर फोडला. पाणी मातीत गेलं.

गजाननचा ऑटो फाटकाशी लागला. बाईंची आई आधीच आत बसली होती, दुसऱ्या दिवशी नागपूरला जायचं होतं. बाई मसाल्याचा डबा काखेत धरून निघाल्या तेव्हा काका मागून आले. त्यांच्या हातात दुसरा नारळ होता, फोडून खोबरं काढलेला, स्वच्छ फडक्यात.

"हा पूजेचा नाही, बाई," ते म्हणाले. "देवापुढं ठेवलाच नाही. तुमच्यासाठी अलग आनला."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जोरात मान हलवली. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्या काकांना म्हणाल्या, "काका, तुमाले कदी मालूम झालं?"

काकांनी फडकं पुढं केलं. "आपल्या इकडची धूळ काळी असते, बाई," ते म्हणाले. "लाल नसते."

बाईंनी तुकडा उचलला आणि तिथंच उभ्यानं खाल्ला. एक आईला दिला. मग रुमालानं हात पुसून त्या ऑटोत बसल्या, आणि बसताना त्यांचा हात सवयीनं ऑटोच्या लोखंडी दांडीला लागला.